परत आलेली किटली

उन्हाळा चढला तसं दूध नासायला लागलं.

आधी असं होत नसे. आधी दूध घ्यायचं केंद्र गावातच होतं, शाळेच्या मागच्या खोलीत. सकाळी धार काढली की ऊन तापायच्या आत किटली रिकामी होऊन घरी यायची. मग चेअरमनने चार गावांची केंद्रं मोडून एकच केलं आणि ते नेऊन ठेवलं हमरस्त्याच्या फाट्यावर. कारण काय, तर टँकरला आत वळायला त्रास होतो. चेअरमन कधीपासून चेअरमन होता हे गावात कुणालाच नीट आठवत नव्हतं. निवडणूक लागायची, आमदारही तोच व्हायचा आणि दूध संघही त्याचाच राहायचा. टँकर येईल तेव्हा येईल, तोवर माणसांनी किटल्या घेऊन उन्हात उभं राहायचं. कुणी तोंड उघडलंच, तर पुढच्या आठवड्यात त्याच्या दुधाची फॅट कमी लागायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

फॅट कमी लावायचा हुकूम वरून यायचा, पण लावायचा हात असायचा दूध तपासणाऱ्या फॅटवाल्याचा. तो नदीपलीकडचा. लग्न करून इकडे आला, केंद्रावर नोकरीला लागला आणि फाट्याजवळच्या खोलीत बायको आणि लहान मुलीसोबत राहू लागला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. बोलायला मऊ. पण लोक मऊ बोलण्याने दूध मोजत नाहीत.

या घरात तीन म्हशी होत्या, त्यांतली एक आटलेली. घरात माणसंही तीनच. सासरा, त्याला सगळं गाव आबा म्हणायचं. त्याचा मुलगा, खडी फोडायच्या यंत्रावर कामाला होता. मालकाने कमी रोजात पलीकडची माणसं आणली आणि याला घरी बसवलं. आणि सून. धाकटा दीर लग्न न करताच शहरात पळाला होता, तरी हिचं नाव थोरली पडलं ते पडलंच. धाकटीशिवायची थोरली, असं बायका चिडवायच्या आणि तीही हसायची.

आबांचं दूध कधी परत आलं नव्हतं. फॅट कमी लागली असेल, भाव कमी मिळाला असेल, पण किटली भरलेली घरी आली असं एकदाही नाही. हा म्हाताऱ्याचा एवढाच एक दागिना. म्हातारा तो मिरवत नसे, पण रांगेत उभा असला की किटलीवर हात ठेवून असा उभा राहायचा की बघणाऱ्याला कळावं.

त्या उन्हाळ्यात दूध फाट्यावर पोचेपर्यंत तापायचं. थोरलीने डोकं चालवलं. शाळेजवळच्या दुकानदारणीकडे फ्रीज होता. तांब्याभर दुधाच्या बदल्यात ती पिशवीत बर्फ गोठवून द्यायची. थोरली तो खडा फोडून किटलीत टाकायची आणि झाकण घट्ट लावायची. तिच्या मनात पाप नव्हतं. पाणी घालणं ही चोरी आणि बर्फ घालणं ही काळजी, असं तिचं साधं गणित होतं. बर्फ वितळल्यावर त्याचं काय होतं, हा विचार तिला शिवला नाही.

एकदा आबांचा गुडघा धरला म्हणून तीच किटली घेऊन गेली. फॅटवाल्याने काचेची नळी दुधात सोडली. दुधात पाणी असलं की बसते तशी नळी जरा जास्तच खाली बसली. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, आत बर्फ टाकता काय?"

तिने हो म्हणून मान डोलावली.

"आत नको. गोणपाट भिजवून बाहेरून गुंडाळा. आज घेतो मी, पण रोज नाही जमायचं. तपासणीला साहेब आला तर माझी नोकरी जाईल."

थोरलीचा चेहरा पडला. घरी येऊन तिने हे कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी इमानेइतबारे गोणपाट भिजवलं, गुंडाळलं, वरून दोरी आवळली. त्या दिवशी टँकर फारच उशिरा आला आणि किटलीतलं सगळं दूध फुटलं. आबांनी ते रस्त्याकडेच्या चरात ओतलं आणि घरी येऊन न जेवता पडून राहिले. म्हाताऱ्याची पाठ भिंतीकडे वळलेली बघून थोरलीला काही सुचेना. पुढच्या सकाळी तिने गोणपाटही गुंडाळलं आणि आत बर्फही टाकला. आधी लहान खडा टाकला. मग दारातून येणारी झळ अंगाला लागली आणि तिने आणखी एक टाकला.

नेमका त्या दिवशी संघाचा तपासणी साहेब केंद्रावर येऊन बसला होता.

आबा पुढे होते आणि थोरली गवताचा भारा आणायला जाता जाता त्यांच्यासोबत आली होती. फॅटवाल्याने नळी सोडली. नळी खाली गेली आणि खालीच राहिली. त्याने एकवार थोरलीकडे पाहिलं. साहेबाची मान लांब होऊन त्याच्या खांद्यावरून आत डोकावत होती.

"आबा, आज घेता येत नाही," फॅटवाला म्हणाला. "डिग्री बसत नाही."

"परत बघ."

त्याने परत बघितलं. मग नळी पुसून ठेवली.

रांगेत एक होता, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो एकदा लागला की बंद व्हायचा नाही. तो मागून म्हणाला, "आबा, म्हशीला तळ्यातून काढल्यावर जरा निथळू द्यायची."

माणसं हसली. फार नाही, पण हसली. आबांनी किटलीचा कान धरला आणि ती उचलायला गेले, तर ती उचलेचना. भरलेली किटली सकाळी हातानेच सायकलीला लावलेली, आता हलेना. मानेच्या शिरा ताणून आल्या. कुणीतरी पुढे झालं तर म्हाताऱ्याने त्याला कोपराने ढकललं. थोरली भाऱ्याची दोरी हातात धरून उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं तिला. आबा, बर्फ मी टाकला. तिने दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला दिला.

तेवढ्यात पाहुण्याची जीप आली.

पाहुणा म्हणजे या वेळी आमदारकीला चेअरमनच्या विरोधात उभा राहिलेला उमेदवार. शहरात त्याच्या बसगाड्या होत्या. या भागात त्याचं ना शेत ना सोयरा, म्हणून लोकांनी त्याचं नाव पाहुणा ठेवलं. सुरुवातीला चेष्टेने ठेवलं आणि मग ते मायेचं झालं. तो फाट्यावरून प्रचाराला निघाला होता. गर्दी बघून उतरला. पांढरे बूट होते पायात, आणि ते किटल्या धुतलेल्या पाण्याच्या चिखलात गेले तरी त्याने खाली बघितलं नाही. काय झालं म्हणून विचारलं. रेडिओनेच सांगितलं.

पाहुणा आबांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही पाणी घातलं?" आबांनी नुसती नाही म्हणून मान हलवली. मग त्याने स्वतःच्या हाताने किटलीचं झाकण काढलं, उलटं केलं, त्यात दूध घेतलं आणि उभ्या उभ्या कच्चंच प्यायला. मिशी पांढरी झाली. ती त्याने पुसली नाही.

"हे पाणी आहे?" तो गर्दीकडे वळून म्हणाला. "तुम्ही सांगा. आयुष्य दुधात गेलंय तुमचं."

झाकण भरून भरून हातोहात फिरलं. एकेकाने घोट घेतला. एक म्हणाला चांगलं आहे. दुसरा म्हणाला सकस आहे. रेडिओ तर ओठ चाटत म्हणाला की असं दूध तालुक्यात मिळणार नाही. झाकण आबांकडे आलं, आबांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. शेवटी ते थोरलीकडे आलं. दूध पातळ होतं. जिभेवर ठेवताच कळत होतं. सगळे तिच्याकडे बघत होते, कारण घरातली धार बहुतेक तीच काढायची.

"चांगलं आहे," थोरली म्हणाली.

मग पाहुणा फॅटवाल्याकडे वळला. साहेब एव्हाना मोटारसायकलीपर्यंत पोचला होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"तू कुठला रे?"

"इथलाच आहे साहेब. मूळ नदीपलीकडचा."

"मग बरोबर," पाहुणा म्हणाला.

एवढंच. त्यावर त्याने भाषणही केलं नाही. पण त्या दोन शब्दांनी रांगेतल्या माणसांचे खांदे सैल झालेले थोरलीने डोळ्यांनी पाहिले. आणि खरं सांगायचं तर तिचेही झाले. मघापासून दोष घरात शिरायला दार शोधत होता, त्याला दुसरं घर मिळालं.

त्यानंतर दिवस कसे पालटले बघा. जीप आबांना न्यायला दारात यायला लागली. सभेत पाहुण्याच्या शेजारी खुर्ची, आणि आधी आबांची कहाणी मग पाहुण्याचं भाषण. या माणसाचं अमृतासारखं दूध परत केलं, कुणी केलं, असं पाहुणा विचारायचा आणि लोक ओरडून उत्तर द्यायचे. चेअरमनचं नाव तो घ्यायचाच, पण सभा पेटायची ती पलीकडच्यांच्या नावाने. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पलीकडचा एकही माणूस इकडच्या नोकरीवर दिसणार नाही, असं तो उघड सांगायचा. घरी बसलेला थोरलीचा नवरा पोस्टर चिकटवायला जाऊ लागला. बऱ्याच महिन्यांनी तो घरात शीळ घालताना ऐकू आला. आबांची कमर सरळ झाली. गुडघ्याचं नावही निघेना.

घराला आलेली ही तकाकी थोरलीला दिसत होती आणि आवडतही होती. त्याचीच तिला लाज वाटायची. जेवायला बसलं की घास गोड लागायचा आणि मग फॅटवाल्याची आठवण आली की ती ताट सरकवून उठायची.

कारण तिकडे चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. किटल्या घेताना लोक त्याच्याशी बोलेनात. दुकानदारणीने त्याच्या बायकोला साखर संपली म्हणून सांगितलं, साखरेचं पोतं दारातच असताना. हापशावर ती पाणी भरायला आली की बायका आपल्या घागरी पुढे सरकवायच्या. एकदा तर थोरली स्वतः तिथे होती. फॅटवाल्याची बायको मुलीला कडेवर घेऊन उभी राहिली, बराच वेळ उभी राहिली आणि रिकामी घागर घेऊन परत गेली. थोरलीची घागर तेव्हा हापशाखालीच होती. ती बाजूला काढायला असा किती वेळ लागला असता?

सगळ्यात बोचायचं ते हे, की फॅटवाला बर्फाचं बोलला नव्हता. साहेबाने विचारलं, रेडिओने हटकलं, पोरांनी त्याच्या दारावर चिखल फेकला, तरी तो एवढंच म्हणायचा की डिग्री बसली नाही. एका सकाळी थोरली एकटीच किटली घेऊन गेली तेव्हा त्याने नळीवरची नजर न काढता बोलायला सुरुवात केली.

"वहिनी, मी सांगितलं तर मी खोटा. पलीकडचा ना. तुम्ही तेवढं आबांच्या कानावर घाला. ते एक शब्द बोलले तर सगळं थंड होईल."

"घालते," ती म्हणाली.

"बायको म्हणते निघून जाऊ. कुठे जायचं? मुलगी तर इथलीच बोली बोलते."

ती संध्याकाळी धारेला बसली तेव्हा आबा दुसऱ्या म्हशीखाली बसले होते. हल्ली सभांमुळे ते क्वचितच गोठ्यात यायचे, त्या दिवशी सभा नव्हती. बादलीत धारा वाजत होत्या. समोरासमोर बोलायची तिची छाती झाली नसती, पण मध्ये म्हशीचं पोट होतं.

"आबा, त्या दिवशी दुधात बर्फ होता. मी टाकला होता."

धार थांबली नाही.

"झाकणाला तोंड लावलं तेव्हाच कळलं मला," आबा म्हणाले.

थोरलीचे हात थांबले. म्हशीने पाय उचलला, तिने नकळत बादली मागे घेतली.

"मग बोलला का नाहीत?"

"रेडिओ बोलला का? त्याची अर्धी हयात दुधात पाणी घालण्यात गेली, त्याला कळलं नसेल? रांगेतल्या सगळ्यांना कळलं. धार काढणारी माणसं ती. पहिल्या घोटाला कळतं."

"आणि सगळे चांगलं म्हणाले."

"तूही म्हणालीस."

आबांनी बादली बाजूला ठेवली आणि हात धोतराला पुसले.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "आयुष्यभर आमच्या चांगल्या दुधाला त्यांनी वाईट म्हटलं. आम्ही मान खाली घालून ऐकलं, मिळेल ते घेऊन घरी आलो. तुझी सासू गेली त्या दिवशीसुद्धा मी रांगेत उभा होतो, आणि त्या दिवशीही फॅट कमीच लागली. आणि एका दिवशी आमचं वाईट दूध एका मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर चांगलं म्हटलं. स्वतः पिऊन. खोटं होतं, मला माहीत आहे. पण किती बरं वाटलं, ते मी तुला नाही सांगू शकत."

"आणि फॅटवाला?"

"सुक्याबरोबर ओलंही जळतं." हे ते म्हणाले खरे, पण आवाज पडला. "फॅट कमी लावायचा हात त्याचाच होता ना?"

"आबा, माझी किटली त्याने एकदा तशीच घेतली होती. सांभाळून घेतलं होतं त्याने मला."

म्हातारा उठला. उठताना गुडघ्यावर हात टेकला, बऱ्याच दिवसांनी.

"तुला बोलायचं असेल तर फाट्यावर जाऊन बोल. मी अडवणार नाही. फक्त आदल्या दिवशी मला सांग, म्हणजे मी घराबाहेर पडणार नाही. पुन्हा कधीच."

रागावले असते तर थोरली बोलली असती. हात उगारला असता तर नक्कीच बोलली असती. पण असं म्हटल्यावर तिने उरलेली धार काढली, बादली झाकली आणि चुलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी फॅटवाल्याने नजरेनेच विचारलं. घातलं कानावर, विचार करतो म्हणाले, असं तिने सांगितलं. त्याचा चेहरा एवढा उजळला की तिला तिथे थांबवेना. शेवटी, काहीतरी खरं द्यायचं म्हणून, ती म्हणाली, "माझं मत काही त्या पाहुण्याला जाणार नाही. एवढं तरी माझ्या हातात आहे."

"तेवढं केलंत तरी खूप झालं वहिनी," तो म्हणाला.

आणि ती ते मनापासून म्हणाली होती, हे आपण धरून चालू.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे रांग लागली. आबा धुतलेले कपडे घालून मांडवाखाली खुर्चीवर बसले होते, येणाराजाणारा त्यांना नमस्कार करत होता. नवरा लोकांना गाडीतून आणत होता. पाहुणा निवडून आला तर केंद्रावर फॅटवाल्याच्या जागी नवराच लागणार, असं ठरल्यात जमा होतं. थोरली रांगेतून पुढे सरकत आत गेली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहिली.

तिथे कुणी नव्हतं. नवरा नव्हता, आबा नव्हते. बोट कुठे टेकतंय हे बघणारा कुणी माईचा लाल नव्हता. दिलेला शब्द तिला आठवत होता. यंत्रावर चेअरमनच्या चित्राखाली आणखी एका उमेदवार बाईचं चित्र होतं, तिला कुणी ओळखत नव्हतं, तिला मत दिलं असतं तरी शब्द राहिला असता. थोरलीने बोट तिकडे नेलं सुद्धा.

मग तिला वाटलं, हा पाहुणा पडला तर? हा पडला तर चेअरमन येईल, साहेब येईल, आणि त्या दिवशीच्या दुधाचा विषय पुन्हा निघेल. आबांना गाव हसेल. त्या झाकणातून प्यायलेले सगळे तेव्हा शहाणे होतील आणि म्हणतील, आम्हाला आधीच कळलं होतं. हा निवडून आला की मात्र ते दूध चांगलंच होतं. कायमचं. मग कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. तिने पाहुण्याचं बटण दाबलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी फसवलं नव्हतं. दाबल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते सुटल्यासारखं वाटणं किती घाण आहे हे कळायलाही दारापर्यंतचं अंतर पुरलं.

बाहेर आली तर रांगेत फॅटवाला उभा होता, मागे त्याची बायको, कडेवर मुलगी. दोघांची नावं याच यादीत होती. त्यांच्या पुढे आणि मागे माणसांनी चांगलं हातभर अंतर सोडलं होतं.

"झालं का वहिनी?" त्याने विचारलं.

"झालं."

त्याने मान डोलावली. आणखी काही विचारलं नाही. त्याला विचारायची गरजच वाटली नाही, इतका त्याचा विश्वास होता. त्याच्या बायकोने मात्र मुलीला कडेवर सावरलं आणि पुढे केलं.

"जरा धरता का हिला? रडायला लागली की मला आत काही सुचत नाही. दुसऱ्या कुणाकडे देऊ?"

थोरलीने हात पुढे केले. काय करणार होती ती? मुलगी आधी बिचकली, मग तिच्या पदराला येणारा दुधाचा वास घेऊन तिच्या खांद्यावर तोंड लपवून पडली. मांडवाखालची माणसं बोलायची थांबली. रेडिओसुद्धा थांबला. आबांनी एकदा तिकडे बघितलं आणि मान फिरवली. नवरा गाडीच्या दारातून हाक मारत होता, चल, पुढची फेरी आणायची आहे, बस लवकर. तिने येत नाही म्हणून हात हलवायला बघितलं, पण दोन्ही हात गुंतलेले होते.

आत नवराबायकोला वेळ लागत होता. ऊन वर आलं. मुलीला झोप लागली आणि तिचं अंग सैल झालं. तशी ती काही जड नव्हती, पण थोरलीचे हात भरून आले, आणि खांदा बदलायचं काही तिला धाडस होईना.